चूक कोणत्या वहीत शोधायची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी प्रवचनकार नाही. बी.कॉम. झालो, १९८४ साली बँकेत कारकून म्हणून लागलो आणि पस्तीस वर्षं आकडे लिहून निवृत्त झालो. आता रोहिणखेडला घरी असतो. सकाळी शेतावर एक चक्कर, दुपारी पेपर, संध्याकाळी दिवाबत्ती आणि थोडं वाचन. दरवर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राच्या पारायणाला बसतो. अंकासाठी ‘अनुभव लिहा’ असा निरोप आला, तेव्हा चार दिवस विचारात गेले. अनुभव म्हटला की वाचकाला चमत्काराची अपेक्षा असते. माझ्या पदरी चमत्कार नाही, एक चूक आहे. ती महाराजांनी कशी दाखवली तेवढं सांगतो.

सुरुवात नाथांपासून करतो, कारण ती गोष्ट आम्हा कारकुनांची आहे. संत एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि निस्सीम दत्तभक्त. हिशेबाचं काम त्यांनी नाथांकडे दिलं होतं. सांगतात की एका रात्री हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ समईपुढे बसले ते रात्र सरत आली तरी उठले नाहीत. शेवटी चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी मागे उभेच होते. ते म्हणाले, अरे, एका पैसाठी जेवढा एकाग्र झालास तेवढा भगवंताच्या चिंतनात झालास तर काय होईल!

ही गोष्ट मी नोकरीत असताना शंभर वेळा सांगितली असेल. बँकेत ताळा जमेना, सगळे कंटाळले, की मी म्हणायचो, ‘नाथांनी रात्र काढली होती, आपण तासभर बसू या.’ लोक हसायचे, बसायचे. पण त्या गोष्टीतली मुख्य बाब माझ्या ध्यानात आली नव्हती. नाथ रात्रभर चूक शोधत होते ती कुठे? स्वतः लिहिलेल्या वहीत. दुसऱ्याच्या खिशात नव्हे.

आता माझी हकीकत.

१९९६ चा डिसेंबर महिना. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका शाखेत कॅशवर होतो. कापसाच्या हंगामाचे दिवस. एकाधिकार खरेदीचे चुकारे निघाले होते, शेतकऱ्यांची रीघ लागलेली. त्या काळी नोटांच्या गड्ड्यांना पिना मारलेल्या असत. दुपारपर्यंत बोटं सोलून निघायची. शाखेची खोली अंधारी, त्यात दुपारी वीज गेलेली. तशात दिवसभर वाटप केलं आणि संध्याकाळी कॅश मोजली तर पाच हजार रुपये कमी.

तीनदा मोजली. पाच हजार कमीच.

कॅश कमी आली की ती कॅशियरने भरायची, हा नियम. पाच हजार म्हणजे तेव्हा माझ्या पगाराचा मोठा भाग. घरी दोन लहान मुलं, वडिलांचं आजारपण. पोटात गोळा आला. मॅनेजर साहेबांनी विचारलं, ‘आज कॅबिनमध्ये कोण कोण आलं होतं?’ मी म्हणालो, ‘आमचे शिपाई पाणी द्यायला आले होते. दुसरं कोणी नाही.’

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते खरंच पाणी द्यायला आले होते. पण ज्या वेळी, ज्या आवाजात मी ते बोललो, त्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. त्यांनाही कळला. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी कोपऱ्यातली आपली पिशवी आणली आणि टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, पंचा, तंबाखूची डबी. बाकी काही नाही. त्यांनी सामान पुन्हा भरलं आणि सायकल घेऊन निघून गेले.

मी पैसे भरले. पण मनातून ते भरले गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आणलेला चहा मी घेईना. ‘नको, पित्त झालंय’ म्हणायचो. महिन्या-दीड महिन्याने त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. शाखेत सर्वांना पत्रिका दिल्या, मलाही दिली. मी गेलो नाही. उलट मनात म्हणालो, लग्नाला पैसा कुठून आला ते बघा. उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून बदली मागून घेतली आणि ते दुसऱ्या गावी गेले. मला वाटलं, बघा, चोर असेल तोच पळतो.

सज्जनहो, यानंतर दोनच वर्षांनी मी गुरुचरित्राचं पारायण सुरू केलं. सोवळं पाळायचो, एकभुक्त राहायचो, चटईवर झोपायचो, वाचताना मधे बोलायचो नाही. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसापर्यंत, असा क्रम एकदाही चुकवला नाही. आणि एवढं सगळं करून डिसेंबर आला, कापसाच्या गाड्या दिसल्या, की ते पाच हजार आठवायचे. ते शिपाई डोळ्यांपुढे यायचे आणि तोंडात कडू यायचं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजाचा संवाद आहे. दत्तसंप्रदायात तो अवधूत म्हणजे दत्तप्रभूच, असं आपण मानतो. यदु विचारतो, महाराज, तुम्हाला एवढी शांती कुठून मिळाली? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नीपासून ते अजगर, मधमाशी, पिंगला, कोळ्यापर्यंत. सातवा, आठवा आणि नववा असे तीन अध्याय आहेत. नाथांनी त्यावर केवढा विस्तार केला आहे! त्यांचं भागवत काशीत १५७३ साली पूर्ण झालं. ते मी निवृत्तीनंतर हळूहळू वाचलं. त्यातले दोन गुरू माझ्यासाठीच सांगितले असावेत असं मला वाटतं.

एक आहे अठरावा, कुरर पक्षी. शिकारी पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. ते पाहून दुसरे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तो तुकडा टाकून दिला. त्याबरोबर सारे त्याला सोडून गेले आणि तो सुखी झाला. एवढीच गोष्ट. आपण याचा अर्थ ‘लोभ सोडावा’ असा लावतो आणि तो बरोबरच आहे. पण मला विचाराल तर मांसाचा तुकडा नेहमी पैशाचाच असतो असं नाही. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हाही एक तुकडाच. तो चोचीत धरला की खायलाही येत नाही आणि उडूही देत नाही. पाच हजार तर मी त्याच आठवड्यात भरून मोकळा झालो होतो. त्यानंतर चोचीत काय धरलं होतं? नुसता संशय. आणि त्या संशयासाठी माझ्या मनावर वर्षानुवर्षं चोची बसत होत्या.

दुसरा गुरू चोविसावा, कुंभारीण माशी. आपल्या खेड्यातल्या घरात तुळईला, देव्हाऱ्यामागे ती मातीचं घर करते, ते सर्वांनी पाहिलं आहे. ती अळी आणून त्या घरात कोंडते. जुन्या लोकांची समजूत अशी की ती अळी भीतीने त्या माशीचाच ध्यास घेते आणि शेवटी माशीच होऊन बाहेर पडते. आजचं शास्त्र सांगतं की माशी तिथे अंडं घालते आणि तिचं पिल्लू त्या अळीवर वाढतं. असो. दृष्टांत किड्याबद्दल नाही, मनाबद्दल आहे. अवधूत म्हणतात, माणूस प्रेमाने, द्वेषाने किंवा भीतीने ज्याच्यावर मन पूर्ण लावतो, त्याचं रूप त्याला येतं.

यातला ‘द्वेषाने’ हा शब्द मी कितीतरी वर्षं वाचून पुढे गेलो होतो. आपण समजतो की देवाचा ध्यास घेतला तरच माणूस बदलतो. पण ध्यास हा ध्यासच. सत्तावीस वर्षं मी ‘चोर, चोर’ असा जप केला. पारायण वर्षातून सात दिवस आणि हा जप बाराही महिने. मग माझं काय होणार? जो जप केला तेच मी झालो. एका गरीब माणसाची अब्रू, त्याचं शाखेतलं स्थान, त्याच्या मुलीच्या लग्नातला आनंद, हे सगळं मी नेलं होतं. आणि तेही सोवळं नेसून!

हे मला कळलं ते २०२३ च्या पारायणात, दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय येतो. आपल्या सर्वांच्या माहितीचा, घेवड्याच्या वेलाचा. गरीब ब्राह्मण, भिक्षा मिळाली नाही तर दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर घर चालायचं. नृसिंहसरस्वती महाराज त्याच्या घरी भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकून निघून गेले. घरात आकांत झाला. बाई यतीला दोष देऊ लागली. पण त्या ब्राह्मणाने तिला आवरलं. यतीला दोष देऊ नको, जे व्हायचं ते आपल्या प्रारब्धाने होतं, अशी समजूत घातली. मग वेलाचं मूळ काढायला त्याने जमीन खणली आणि तिथे द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. म्हणून तर समाप्तीच्या नैवेद्याला आपण घेवड्याची भाजी करतो.

दरवर्षी मी कुंभापाशी खूश व्हायचो. त्या वर्षी ब्राह्मणाच्या बोलण्यापाशी थांबलो. याच्या डोळ्यांदेखत वेल उपटला होता. कोणी केलं याचा पुरावा होता. तरी हा माणूस बोट दाखवत नाही. आणि मी? माझ्याजवळ पुरावा कोणता होता? एक तांब्या पाणी!

पोथी पुढे वाचणं भाग होतं. एकविसावा अध्याय कसाबसा संपवला. रात्री चटईवर पडलो तर झोप नाही. मग पस्तीस वर्षांची सवय कामाला आली. फरकाची रक्कम आपणहून बोलते, हे आम्ही नव्या पोरांना शिकवायचो. फरक नऊने भागला जात असेल तर आकडे उलटसुलट लिहिले गेले असतील. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली तर जमेची रक्कम नावे पडली असेल. मग पाच हजाराचा फरक काय बोलतो? पन्नासच्या शंभर नोटांचं बंडल पाच हजाराचं. शंभरच्या नोटांचं दहा हजाराचं. अंधाऱ्या खोलीत, वीज गेलेली असताना, पन्नासच्या जागी शंभरचं बंडल एखाद्याला दिलं गेलं, तर फरक किती पडतो? बरोबर पाच हजार.

मी उठून बसलो. हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही आला असता. मला सत्तावीस वर्षं आला नाही, कारण तो मांडायचा तर स्वतःच्या वहीत मांडावा लागला असता. तसंच घडलं असं आज छातीठोक सांगता येणार नाही. पण ते घडलं असण्याचा संभव शिपायांच्या चोरीपेक्षा कितीतरी जास्त होता. आणि तो मी कधी तपासलाच नव्हता.

पारायणात उठून गावाला जाता येत नाही. पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मनात एकच धाकधूक, माणूस आहे की गेला? चौकशी केली तेव्हा कळलं की आहेत. आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यात मुलाकडे असतात. २६ डिसेंबरला दत्तजयंती झाली. संध्याकाळी जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंठवड्याची पुडी घेऊन मी एस.टी.त बसलो. खिडकीतून तुरीची शेतं दिसत होती, पलीकडे अजिंठ्याचे डोंगर. मी बोलायची वाक्यं जुळवत होतो, एकही जुळलं नाही.

ओसरीत बाजेवर बसले होते. मी ‘दादा’ म्हणालो आणि ते म्हणाले, ‘डोये गेले साहेब आता. पन आवाजावरून ओयखलं. या, बसा.’

मी पायाशी बसलो. ते ‘वर बसा, वर बसा’ म्हणत राहिले. मी सगळं सांगितलं. माझं ते वाक्य, चहा, लग्न, सगळं. शेवटी बंडलांचा हिशेबही सांगितला. ते ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मले मालूम होतं साहेब, तुमच्या मनात काय हाये ते. पोरीच्या लग्नाले बैलजोडी इकली होती म्या. सांगनार होतो तुमाले. पन तुमी च्याच घेत नव्हते, त बोलू कसा?’

मी गप्प. मग तेच पुढे म्हणाले, ‘तुमचे पैसे गेले, ते तुमी भरले. वहीत जमा झाले. माहं जे गेलं ते कोन्त्या वहीत जमा झालं?’

ते चिडून बोलले नाहीत. खरंच विचारत होते. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. हात जोडले, तर डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांना ते कळलंही नाही. म्हणून त्यांचे हात हातात घेतले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘लई दिस लावले साहेब. पन आले.’ आणि आत हाक मारली, ‘सूनबाई, च्या ठेव वं.’

चहा आला. मी तो घेतला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही ते वदवून घेतलं नाही. सुंठवडा त्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकला.

आता या सगळ्यातून जे शिकलो ते थोडक्यात मांडतो. उपदेश म्हणून नव्हे, घरगुती हिशेब म्हणून.

बँकेत सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचा उलगडा झाला नाही ती तात्पुरती तिथे ठेवतात. पण ते खातं जुनं होऊ द्यायचं नसतं. तपासनीस आला की पहिलं तेच विचारतो, ही नोंद इतके दिवस का पडून आहे? आपल्या मनातही असं खातं असतं. भाऊबंदकीतलं एक वाक्य, सुनेचा एक शब्द, मित्राने न परतवलेला एक उपकार. आपण त्याच्यावर पूजा, पारायण, जप यांचं शुभ्र वस्त्र घालतो. वस्त्राने नोंद मिटत नाही.

म्हणून रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी आता पाच मिनिटं बसतो. ज्याच्याबद्दल मनात कडू आलं त्याचं नाव आठवतो आणि आधी माझी वही उघडतो. माझी चूक असण्याचा संभव किती, हे प्रामाणिकपणे तपासतो. चूक सापडली तर उद्या सकाळी जायचं, फोन करायचा. सापडली नाही आणि समोरच्याची चूक असल्याचा पुरावाही नाही, तर तो तुकडा चोचीतून टाकायचा, महाराजांच्या पायाशी. आणि कोणी खरोखरच फसवलं असेल, तर? तर रीतसर दाद मागावी, आपल्या हक्काचं मागावं. गुरूंनी भाबडं व्हा असं कुठे सांगितलेलं नाही. पण दाद मागून झाल्यावर रात्री त्याच्या नावाचा जप करू नये. कारण कुंभारिणीच्या घरात अळी कोंडली गेली की काय होतं, ते वर सांगितलंच.

याची दुसरी बाजू मोठी आशेची आहे. द्वेषाच्या ध्यासाने मी जर एवढा बदललो, तर प्रेमाच्या ध्यासाने का नाही बदलणार? मन तेच, रीत तीच. आपले नृसिंहसरस्वती तर या वऱ्हाडातल्या कारंजाचे, घरचेच. त्यांचा ध्यास घ्यायला लांब कुठे जायचं आहे?

गेल्या वर्षी पुन्हा पारायण केलं. समाप्तीला घेवड्याची भाजी केली आणि एक डबा घेऊन दादांकडे गेलो. ‘भाजी चांगली झाली, पन मीठ कमी हाये,’ म्हणाले. यंदाही जाणार आहे. मीठ बघून घालीन.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!